मिठाचे कोअर प्रेशर डाय कास्टिंगमध्ये टिकतात का? (धागा)

डायसेटर

नमस्कार मंडळी. मी चाकण भागात एका ॲल्युमिनियम प्रेशर डाय कास्टिंग (वितळलेला धातू पोलादी डायमध्ये, म्हणजे साच्यात, मोठ्या दाबाने भरायचा) कारखान्यात टूलिंग बघतो. इलेक्ट्रिक तीनचाकीच्या मोटर हाउसिंगची, म्हणजे मोटरच्या बाहेरच्या कवचाची, चौकशी आली आहे. मोटर थंड ठेवायला हाउसिंगच्या भिंतीतच पाणी खेळवायचंय, म्हणजे भिंतीच्या पोटात वळसे घेत जाणारी, सगळीकडून बंद अशी वाट हवी. सध्या त्यांचा पार्ट ग्रॅव्हिटीत, म्हणजे धातू नुसता ओतून होतो, आणि पोकळीच्या जागी वाळूचा ठोकळा, म्हणजे कोअर, घालतात. भिंत जाड, वजन जास्त, वेळ जास्त. आता त्यांना तोच पार्ट प्रेशरमध्ये हवाय.

स्लाइडने, म्हणजे डायच्या सरकत्या भागाने, ही पोकळी निघत नाही. वळलेला कोअर ओढून काढणार कुठून? वाळूचा कोअर आमच्या मशीनच्या दाबाखाली फुटतो, नाहीतर धातू वाळूत शिरून आतली भिंत खरखरीत होते. बाहेरचं हाउसिंग आणि आतली स्लीव्ह वेगळी करून ओ-रिंगने बसवायचा मार्ग बरेच जण घेतात, पण या गिऱ्हाइकाला जोड नकोच आहे.

उरला मिठाचा कोअर. मिठाचा कोअर डायमध्ये ठेवायचा, भोवती ॲल्युमिनियम भरायचं आणि कास्टिंग निघाल्यावर पाण्याने मीठ विरघळवून टाकायचं. कागदावर इतकं सोपं काम असताना आपल्याकडे हे फारसं कुणी का करत नाही, तेच मला समजून घ्यायचंय. माझं मत असं की ही पद्धत उगाच मागे पडली आहे. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा, ज्यांनी करून सोडलंय त्यांनी तर नक्की सांगा.

शिरोलीचा ओतकामवाला

विषय लई भारी काढलासा. आमच्याकडं सगळं बिडाचं काम. सिलिकेटचे कोअर, शेल कोअर, कोल्ड बॉक्स, वाळूचं सगळं करून झालंय. खरा जीव जातो फेटलिंगमध्ये, म्हंजे ओतल्यावर पार्ट साफ करण्यात. वॉटर जॅकेटच्या, म्हंजे पाणी खेळायच्या पोकळीच्या, कोपऱ्यात अडकलेली वाळू काढता काढता पोरं हैराण होतात, आणि एवढं करून एखादा खडा राहिला की इंजिनवाल्याचा फोन येतोच. नुसतं पाणी सोडून कोअर गायब होणार असंल तर बिडाला चालंल का हे?

पिस्टनघर

बिडाला नाही चालणार दादा. मीठ वितळतं ८०१ अंश सेल्सिअसला आणि तुमचं बीड ओतलं जातं १३५० च्या वर. कोअर जागेवरच पाणी होईल. पितळही जमणार नाही. ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम, जस्त, एवढ्यापुरतंच हे तंत्र.

डायसेटर, "आपल्याकडे कुणी करत नाही" हे मात्र खरं नाही. डिझेल पिस्टनमध्ये मिठाचा कोअर ही रोजची गोष्ट आहे. पिस्टनच्या माथ्याखाली, पहिल्या रिंगच्या खाचेमागे एक गोल बोगदा असतो, त्याला कूलिंग गॅलरी म्हणतात. खालून तेलाची चिळकांडी त्या बोगद्यात शिरते, फिरते आणि दुसऱ्या भोकातून बाहेर पडते. हा बोगदा मिठाच्या रिंगने तयार होतो. बारीक दळलेलं शुद्ध मीठ प्रेसमध्ये दाबून रिंग करायची, भट्टीत भाजून घट्ट करायची. मग ग्रॅव्हिटी डायमध्ये बारीक पिनांवर ती रिंग ठेवायची आणि वरून धातू ओतायचा. नंतर दोन भोकं पाडून पाण्याच्या जेटने मीठ धुवून काढायचं. तुमच्या आसपास धावणाऱ्या कितीतरी डिझेल गाड्यांचे पिस्टन असेच बनलेत.

ही रिंग हातात घेतली की संगमरवराची बांगडी वाटावी इतकी गुळगुळीत आणि वजनदार असते. लेथवर कोरडी टर्नही करता येते. फक्त ते लेथ त्याच कामाला ठेवावं लागतं, कारण उडणारी पांढरी भुकटी स्लाइडवेवर बसली आणि हवेत ओल असली की सकाळी तांबूस गंज दिसलाच म्हणून समजा.

पण हे सगळं ग्रॅव्हिटीत. तिथे धातू हळू येतो. तुमच्या प्रेशर मशीनची गोष्ट निराळी आहे.

वाचनवेडी

मी या क्षेत्रातली नाही, पण धागा उघडला आणि अडकले. दोन भाबडे प्रश्न. तापलेलं ॲल्युमिनियम लागून मीठ वितळत कसं नाही? आणि मीठ धातूत मिसळून धातू खराब होत नाही का?

कव्हरफ्लक्स

ताई, भाबडे कसले, हे पहिलेच विचारायचे प्रश्न आहेत.

प्रेशर डाय कास्टिंगमध्ये ॲल्युमिनियम साधारण ६५० ते ६८० अंशांना भरलं जातं. शुद्ध मिठाचा वितळबिंदू त्याच्या बराच वर, ८०१. शिवाय डाय दोनेकशे अंशांवर असते, त्यामुळे धातू आत जाताच झपाट्याने गोठतो. मिठाला वितळायला वेळच मिळत नाही.

दुसरं, सोडियम क्लोराइड फार स्थिर आहे. ॲल्युमिनियम त्यातला सोडियम हिसकावून घेऊ शकत नाही. उलट भट्टीत वितळलेल्या ॲल्युमिनियमवर आम्ही जो फ्लक्स (धातू झाकायची आणि साफ करायची पूड) टाकतो, तो मुख्यतः सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचंच मिश्रण असतो. म्हणजे मीठ आणि ॲल्युमिनियम यांची ओळख जुनी आहे.

एक इशारा मात्र देतो. क्लोराइड ठीक, कार्बोनेट ठीक, पण कुणी डोकं लढवून शोरा किंवा दुसरं नायट्रेट कोअरमध्ये वापरायचा विचार केला तर तिथेच थांबवा. तापलेलं ॲल्युमिनियम आणि नायट्रेट म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

बलरेषा

डायसेटर, कोअर "टिकेल का" याचं उत्तर गणितात बघू. लोक म्हणतात प्रेशरमध्ये दाब सहाशे-आठशे बार, मीठ कसं टिकणार. पण साचा भरल्यावर शेवटी जो वाढीव दाब देतात, म्हणजे इंटेन्सिफिकेशनचा, तो कोअरवर सगळीकडून सारखा पडतो. सगळीकडून दाबलेलं मीठ सहज तुटत नाही. कोअर तुटतो त्याच्या आधी, धातूची धार एका बाजूने आदळते तेव्हा.

गेटमधून, म्हणजे धातू साच्यात शिरतो त्या तोंडातून, धातू ४० मीटर प्रतिसेकंदाने आला असं धरा. द्रव ॲल्युमिनियमची घनता घनमीटरला सुमारे २४०० किलो. आदळण्याचा दाब येतो अंदाजे १.९ मेगापास्कल. आता १० मिलिमीटर जाडीचा गोल, १०० मिलिमीटर लांबीचा, दोन्ही टोकांना टेकवलेला कोअर घ्या. त्याच्यावर ही धार पूर्ण लांबीभर पडली तर बळ १९०० न्यूटनच्या आसपास, म्हणजे जवळजवळ दोनशे किलोचं वजन. वाकण्याचा ताण येतो २४५ मेगापास्कल. कुठलंही मीठ याच्या जवळपासही जात नाही.

तोच धातू कोअरपाशी ५ मीटर प्रतिसेकंदाने पोचला तर? वेग आठपट कमी, ताण चौसष्टपट कमी. ३.८ मेगापास्कल. हे चांगल्या कोअरच्या आवाक्यात आहे.

तेव्हा मिठाची ताकद वाढवण्याआधी गेट कुठे ठेवता ते बघा. धार कोअरवर रोखलेली असेल तर पुढची चर्चाच नको.

डायसेटर

बलरेषा, शंभर टक्के पटलं. दंडगोल हाउसिंग असल्यामुळे मी एका बाजूने गेट धरला होता, म्हणजे धार थेट जॅकेटवरच. आता रुंद आणि जाड गेट घेऊन धातू आधी फ्लँजमध्ये, म्हणजे हाउसिंगच्या टोकाच्या रुंद पट्टीत, उतरवायचा आणि तिथून कोअरच्या लांबीला समांतर वर चढवायचा, असं सिम्युलेशन लावतो. दोन्ही बाजू एकदम भरल्या पाहिजेत, नाहीतर एका बाजूचा धातू कोअरला ढकलेल.

साचेबद्ध

मी विरोधात लिहितो, राग नसावा.

गेट जाड केला, वेग कमी केला, म्हणजे पातळ भिंत भरणार नाही. भिंत जाड केली तर प्रेशरला जायचं कारणच संपलं. ज्या वेगासाठी आपण प्रेशर डाय कास्टिंग करतो, तोच वेग कोअरचा शत्रू आहे. त्यापेक्षा लो प्रेशर करा, वाळूचा कोअर घाला. धातू खालून शांतपणे चढतो, कोअरला धक्का नाही, आणि हीट ट्रीटमेंटही करता येते. अशा हाउसिंगसाठी हा मळलेला रस्ता आहे.

आणि खर्चाचं काय? प्रत्येक शॉटला, म्हणजे दर वेळी धातू भरताना, एक नवा कोअर. तो बनवायला वेगळी यंत्रणा, वाळवायला वेगळी, डायमध्ये ठेवायला रोबो, धुवायला वेगळी लाइन. एका पार्टसाठी अर्धा कारखाना उभा राहतो.

मैनकाठी मराठी

मी जर्मनीत असतो, डाय कास्टिंगशी कामाचा संबंध आहे. न्यूरेंबर्गच्या युरोगस प्रदर्शनात मिठाच्या कोअरने केलेले पोकळ प्रेशर कास्टिंग मी हातात घेऊन पाहिले आहेत. तेव्हा "होतच नाही" हे मान्य नाही, पण साचेबद्ध यांची खर्चाची शंका रास्त आहे. इथेही हे सरसकट होत नाही, मोठ्या संख्येच्या आणि दुसऱ्या मार्गाने न होणाऱ्या पार्टलाच होतं.

कोअर दोन कुळांतले असतात आणि धाग्यात त्यांची सरमिसळ होतेय. पहिला दाबून भाजलेला, पिस्टनवाला. त्याच्यात बारीक छिद्रं राहतात. ग्रॅव्हिटीत चालतात, पण प्रेशरमध्ये शेवटच्या दाबाला धातू त्या छिद्रांत घुसतो आणि मग मीठ धुतल्यावर आत काटेरी भिंत मिळते. दुसरा ओतलेला. मीठ वितळवून, डायमध्ये दाबाने भरून गोठवायचं. हा घट्ट आणि गुळगुळीत असतो.

ओतलेल्यात शुद्ध मीठ घेतलं तर दाणे मोठे होतात आणि कोअर काचेसारखा तडकतो. म्हणून त्यात सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, किंवा पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. जपानमध्ये मीठ आणि कार्बोनेटच्या मिश्रणांवर बरंच काम झालंय. दाणा बारीक होतो आणि ताकद चांगलीच वाढते.

याची किंमत अशी की मिश्रण लवकर वितळतं. मीठ आणि सोड्याचं मिश्रण ६३० च्या आसपास मऊ पडायला लागतं, मीठ आणि पोटॅशियम क्लोराइडचं ६५७ ला. म्हणजे तुमच्या धातूच्या तापमानापेक्षाही कमी! प्रेशरमध्ये धातू क्षणात गोठतो म्हणून हे खपतं. हाच कोअर ग्रॅव्हिटीत घातला तर वरचा थर वाहून जाईल. म्हणून पिस्टनला शुद्ध मीठ आणि प्रेशरला मिश्रण.

गमतीदार गेटकीपर

एवढा दाब सोसून जागेवर उभा राहिला तर तो कोअर खरा खाल्ल्या मिठाला जागला म्हणायचा. 😀

शिरोलीचा ओतकामवाला

@गमतीदार गेटकीपर, आणि नाही टिकला तर आमच्या मालकाच्या तोंडाचं पाणी पळणार, तेच कोअर धुवायला वापरू. 😂

कव्हरफ्लक्स

मैनकाठी यांच्या मुद्द्याला जोडून. मीठ वितळवून ओतणं हे स्वतःच एक अवघड कास्टिंग आहे. गोठताना मिठाचं आकारमान जवळजवळ पाचव्या भागाने घटतं. ॲल्युमिनियम सहा-सात टक्क्यांनी आटतं तर आपण श्रिंकेज म्हणून ओरडतो! तेव्हा दाब देऊन भरत राहिलं नाही तर कोअरच्या पोटातच पोकळी राहते आणि नेमका तिथेच तो मोडतो. नंतर थंड होतानाही मीठ पोलादाच्या तिप्पट आकसतं. डायमध्ये जास्त वेळ राहिलं की पोलादाच्या पिनेला आवळून तडकतं. लवकर काढलं तर मऊ. ती वेळ साधणं हेच कसब.

भट्टीही वेगळी लागते. क्लोराइडची वाफ स्टेनलेस स्टीलला खाते, थर्मोकपलचं कवच बघता बघता पातळ होतं. आणि वितळलेल्या मिठात ओली पळी कधीही बुडवायची नाही. पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि आठशे अंशांचं मीठ अंगावर उडतं. नवीन माणसाला हे पहिल्या दिवशी शिकवा.

मिठागरवाला उरणकर

मंडळी, मिठाचा विषय आहे म्हणून लिहितो. कास्टिंगमधलं मला कळत नाही, मीठ कळतं. आमच्या घरची मिठागरं होती.

तुम्ही कुठलं मीठ वापरणार ते कुणी बोललंच नाही. समुद्राच्या पाण्याचं मीठ म्हणजे नुसतं सोडियम क्लोराइड नसतं. मीठ बसल्यावर जे कडू पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम असतं. ते नीट निथळू दिलं नाही तर मिठात राहतं. उन्हाळ्यात काढलेल्या मिठाच्या राशी आम्ही तशाच राहू द्यायचो, त्यातून कडू पाणी खाली उतरत राहायचं. जुनं मीठ म्हणूनच जास्त कोरडं आणि चवीलाही चांगलं. ताजं मीठ पोत्यात भरलं की दोन पावसांत पोतं खालून गळायला लागतं. हे सगळं पाणी मॅग्नेशियम क्लोराइड हवेतून ओढतं.

आता मिठागरं कमी झाली, उरणची जमीन बंदर आणि रस्त्यांनी घेतली, भाईंदर-वसईकडेही तेच. पावसाळ्याआधी राशी गवताने शाकारायचं काम लहानपणी मीही केलंय. असो, विषय भरकटला. सांगायचं एवढंच, बाजारातलं जाडं मीठ आणून कोअर करू नका.

कव्हरफ्लक्स

उरणकर, विषय भरकटला नाही, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद तुमचा आहे. तेच मॅग्नेशियम क्लोराइड ओलीसकट तापवलं की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते. भट्टी, छप्पर, माणसाचा घसा, सगळ्यालाच त्रास. शुद्ध केलेलं व्हॅक्यूम सॉल्ट घ्यायचं, दोन पैसे जास्त गेले तरी.

पिस्टनघर

आणि शुद्ध मिठालाही ओल लागतेच. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की सोडियम क्लोराइड पाणी ओढून घ्यायला लागतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर काय हवा असते ते सांगायला नको.

मी ज्या ठिकाणी काम करत होतो तिथे मे महिन्यात रिजेक्शन नावाला असायचं. पाऊस सुरू झाला की पिस्टनच्या गॅलरीभोवती ब्लो होल दिसायला लागायचे. धातू तोच, डाय तीच, माणसं तीच. कोअरवर बोट फिरवलं की बोटाला चिकटपणा जाणवायचा, एवढीच खूण. धातू लागला की त्या ओलीची वाफ होते, हायड्रोजनही धातूत जातो, आणि कास्टिंगला भोकं पडतात. मग कोअर ठेवायला बंद गरम कपाट केलं, आत सत्तर-ऐंशी अंश. कपाटातून काढलेला कोअर थेट डायमध्ये, मध्ये टेबलावर ठेवायचा नाही, उघड्या हाताने धरायचा नाही. तेव्हा कुठे जुलैचे आकडे मेच्या जवळ आले.

प्रेशरला तर कोअर दोनशे अंशांच्या आसपास तापवूनच डायमध्ये ठेवा. ओलही जाते आणि थंड कोअरला गरम धातू लागून तडा जाण्याची भीतीही कमी होते.

हिशेबी सांडपाणी

आतापर्यंत सगळे कोअर आत घालण्यावर बोललात. तो बाहेर आल्यावर कुठे जातो? मी कारखान्यांची सांडपाण्याची कामं करतो, म्हणून मला तेवढंच दिसतं.

धरा एका हाउसिंगमध्ये ३०० ग्रॅम मीठ आणि दिवसाला ५०० पार्ट. रोज १५० किलो मीठ पाण्यात. सांडपाण्यात विरघळलेल्या क्षारांची मर्यादा प्रदूषण मंडळाच्या संमतिपत्रात बहुतेक २१०० मिलिग्रॅम प्रति लिटर लिहिलेली असते. १५० किलो मीठ त्या मर्यादेत बसवायला ७१ हजार लिटरहून जास्त पाणी लागेल, आणि पाणी मिसळून पातळ करून सोडणं मुळातच मान्य नाही. सामायिक प्रक्रिया केंद्रातले जिवाणू मीठ खात नाहीत. तिथे सोडलेलं मीठ दुसऱ्या बाजूने तसंच बाहेर येतं, वर जिवाणूंनाही त्रास.

म्हणजे मीठ परत मिळवायलाच हवं. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं. पूर्ण संपृक्त पाणी घेतलं तर १५० किलोला सव्वाचारशे लिटर पुरतं. ते नुसतं उकळून आटवायला रोज २६० युनिटच्या आसपास ऊर्जा. भट्टीच्या धुराड्याची वाया जाणारी उष्णता वापरली तर बरंच वाचतं. सुकलेलं मीठ पुन्हा कोअरला घेता येतं.

कोटेशन देताना हा खर्च पहिल्या ओळीत धरा. माझ्या मते मिठाचे कोअर मागे पडले ते डायमध्ये नव्हे, या टाकीपाशी.

कामापुरता

एवढं काय त्यात. खारं पाणीच तर आहे, विष नाही. टँकर बोलवायचा, महिन्यातून दोनदा न्यायला लावायचं. सगळे हेच करतात.

हिशेबी सांडपाणी

टँकर नेतो कुठे ते विचारलंत कधी? चाकणच्या एका अंगाला इंद्रायणी, दुसऱ्या अंगाला भामा. मधल्या ओढ्यात ओतलेलं मीठ विहिरीत उतरतं. बऱ्याच रासायनिक विषांचा कधीतरी विघटन होऊन जोर कमी होतो, मिठाचं विघटन होत नाही. ते जमिनीत बसतं. कांद्याची रोपं पिवळी पडल्यावर शेतकऱ्याने कुणाकडे जायचं? ज्याला हे पाणी सांभाळणं परवडत नाही त्याने हा पार्ट घेऊ नये, इतकं माझं स्पष्ट मत आहे.

शिरोलीचा ओतकामवाला

+१. आमच्या पंचगंगेचं काय झालंय ते बघतोय की रोज.

वाचनवेडी

पुन्हा एक प्रश्न. इतक्या वळणावळणाच्या पोकळीतून मीठ पूर्ण गेलं हे कळतं कसं? आत डोकावता तर येत नाही.

चाचणीशाळा

छान प्रश्न, कारण इथेच बरेच जण फसतात. एक्स-रे काढून बघू म्हणाल तर मीठ आणि ॲल्युमिनियम एक्स-रेला जवळजवळ सारखंच अडवतात. भरलेली पोकळी आणि रिकामी पोकळी ओळखता येते, पण भिंतीला चिकटलेला पातळ थर धातूचाच भाग वाटतो.

दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, वजन. धुण्याआधी आणि धुऊन वाळवल्यावर. दुसरी, पाण्याची विद्युत वाहकता. शेवटच्या धुण्याला क्षारविरहित पाणी घ्यायचं आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या पाण्याची वाहकता मोजायची. दोन्ही आकडे जुळले की आत मीठ नाही.

इथे धुण्याबद्दलही. गरम पाणी वापरलं की मीठ जास्त विरघळतं असं सगळ्यांना वाटतं. साध्या मिठाच्या बाबतीत तसं नाही. २० अंशांना ३६ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ३९, फरक नगण्य. गरम पाण्याने फक्त काम लवकर होतं. खरा फरक पडतो पाणी हलतं राहण्याने. अरुंद वाटेत कोअरच्या तोंडाशी संपृक्त पाणी साचून राहिलं की पुढचं मीठ विरघळायचं थांबतं. म्हणून जेट हवा, किंवा एका भोकातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर असा प्रवाह.

आणि धुतलेला पार्ट तसाच ठेवून जेवायला जायचं नाही. एडीसी १२ या डाय कास्टिंगच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूत तांबं असतं, त्यामुळे क्लोराइडने ते लवकर टोचलं जातं. रात्रभर खाऱ्या पाण्यात राहिलेल्या पार्टवर सकाळी पांढरी पूड आणि खाली सुईने टोचल्यासारखे खड्डे दिसतात. कार्बोनेटचा कोअर असेल तर पाणी अल्कधर्मी होतं आणि भिंत काळी पडते. म्हणून मीठ धुतलं की लगेच स्वच्छ पाणी, लगेच गरम हवा.

साचेबद्ध

एवढं सगळं वाचून माझं मत थोडं सरकलं आहे, पूर्ण नाही. वेगवान प्रेशरला अजूनही नाहीच म्हणेन. पण स्क्वीझ कास्टिंगमध्ये, जिथे धातू जाड गेटमधून हळू भरतो आणि मग दाब येतो, तिथे मिठाचा कोअर शोभून दिसेल. तिथे वाळू चालत नाही, आणि मिठाला धारेचा मार बसत नाही.

डायसेटर

सगळ्यांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाकडे येतो.

सिम्युलेशनमध्ये फ्लँजकडून भरल्यावर कोअरपाशी वेग बराच खाली आला, पण वरच्या पातळ कड्याला धातू थंड पोचतोय. त्यामुळे साचेबद्ध यांचा मुद्दा खरा ठरतोय. गिऱ्हाइकाला आता दोन गोष्टी सांगणार आहे. एक, जॅकेटभोवतीची भिंत तुम्ही मागितली त्यापेक्षा थोडी जाड ठेवा, मग हळू भरून बघू. दोन, मीठ परत मिळवण्याची टाकी आणि सुकवणी यांचा खर्च पार्टच्या किमतीत वेगळा दाखवणार. तो मान्य नसेल तर हे काम लो प्रेशरवाल्याला जाऊ दे. कोअर सुरुवातीला स्वतः बनवण्याऐवजी तयार आणून चाचणी घ्यावी म्हणतो.

एक अडचण उरली आहे. कोअर डायमध्ये धरायचा कशावर? मीठ द्रव ॲल्युमिनियमपेक्षा हलकं, म्हणजे तरंगणार.

पिस्टनघर

तरंगेल, पण फार जोर लावणार नाही. मिठाची घनता २.१६, धातूची २.४ च्या आसपास. बिडात वाळूचा कोअर जसा उसळी मारतो त्याच्या तुलनेत हे काहीच नाही. खरी भीती धारेचीच.

धरायला चॅप्लेट, म्हणजे धातूतच राहून जाणारे टेकू, घालू नका, गळतीला तेच कारण होतं. कोअरलाच पाय काढा, म्हणजे कोअर प्रिंट, आणि ते भिंतीतून बाहेर डायच्या खाचेत बसवा. दोन पाय पाण्याच्या आत-बाहेरच्या जोडणीच्या जागी घ्या, म्हणजे ती भोकं कामाची ठरतात. त्यांच्यात अंतर जास्त असेल तर मध्ये आणखी पाय द्या आणि नंतर ती भोकं बुचाने बंद करा. पाय असा ठेवा की वळशाचं प्रत्येक टोक कुठल्यातरी भोकाजवळ येईल, बंद गल्ली राहू देऊ नका. तिथलं मीठ शेवटपर्यंत निघत नाही. आणि डायच्या खाचेत कोअर घट्ट आवळू नका. डाय बंद होताना पायाला चिमटा बसला की तडा तिथेच जातो आणि तो शॉट झाल्यावरच कळतो. खाचेत किती फट ठेवायची ते कोअर त्याच तापमानाला तापवून मोजा, थंड मोजलेलं माप उपयोगाचं नाही.

डायसेटर

हे ड्रॉइंगवर चढवतो. कोअरचे नमुने आले की इथेच फोटो टाकेन.